तंजावरची पडी, मुक्काम पोस्ट कापेल

थांबा! तो चमचे ठेवायचा डबा नव्हे. छत्र्या उभ्या करायचं भांडं तर त्याहून नव्हे. मी पडी बोलतेय, तंजावरची. नीट दोन्ही हातांनी उचला, जड आहे मी, आणि वयानं तुमच्या आजेसासूबाईंपेक्षाही मोठी आहे.

पडी म्हणजे तांदूळ मोजायचं माप. तुमच्याकडची पायली, शेर, मापटं, चिपटं ही सगळी माझी मावसभावंडं. अंग पितळेचं, तोंड रुंद, कमरेला दोन जाड कडा. पोटात दीड किलोला थोडे कमी तांदूळ मावतात. तोल अजून शाबूत आहे. पोचा एकच, तोही विमानातला, त्याची गोष्ट पुढे येईल.

सध्या मुक्काम नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमशेजारच्या कापेल आन डेन आयसेल या गावी, चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. गावाचं नाव म्हणायला मला दोन वर्षं लागली, त्यामुळे तुम्ही अडखळलात तर मी हसणार नाही.

जन्म माझा कुंभकोणमजवळच्या एका कासाराच्या भट्टीतला, पण वाढले तंजावरात. आता तंजावरबद्दल मी बोलायला लागले की थांबत नाही, आधीच सांगते. कावेरीचं पाणी तिथं शेताशेतांत पाटांनी फिरतं. वर्षातून दोनदा, पाऊस मनावर घेईल तेव्हा तीनदाही भाताचं पीक निघतं. गावात कुणी भेटलं की पहिला प्रश्न पाण्याचा, दुसरा पिकाचा आणि मग सवड झाली तर तब्येतीचा. इथं हॉलंडातही लोक पाण्याबद्दलच बोलतात, पण यांची खटपट पाणी बाहेर काढायची आणि आमची आत आणायची. मला पहिले काही दिवस हे पटतच नव्हतं.

आणि मोजणं! आमच्या गावात मोजणं म्हणजे मान, महाराजा! मोठ्या देवळाच्या भिंतींवर हजार वर्षांपूर्वी कोरून ठेवलंय की कुणाला किती भात मोजून द्यायचा. ज्या मापानं मोजायचा त्या मापाला नाव कुणाचं, तर साक्षात देवाचं: आडवल्लान, म्हणजे नाचण्यात तरबेज असा तो नटराज. आता सांगा, तुमच्या घरातल्या वजनकाट्याला कुणी देवाचं नाव ठेवलंय का? त्याच देवळाच्या भिंतीवर पुढे भोसल्यांनी आपल्या घराण्याचा अख्खा इतिहास मराठीत कोरला. मराठी वाचायला येणारे पाहुणे तिथं उभे राहून चाचपडत वाचतात आणि एकमेकांना म्हणतात, ‘अगं, हे तर आपलंच आहे!’ मग? आमचं काय वेगळं होतं?

माझी माणसंही भोसल्यांबरोबर तिकडे उतरलेली. मोडी लिहिणारे कारकून म्हणून आले, जमीन मिळाली, आणि लेखणी ठेवून भातशेतीला लागले. घरात मराठी, दारात तमिळ. मराठी अशी, की पुण्याचा माणूस ऐकून आधी हसतो आणि मग कान टवकारतो.

त्या घराच्या खळ्यावर मी उभं आयुष्य काढलं. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं. आणि घराचा नियम एकच: दुसऱ्याला देताना पडी शिगोशीग भरायची, वर तांदळाचा छान डोंगर झाला पाहिजे. आपल्या घरात घेताना मात्र हातानं फिरवून सपाट करायची. कुणी विचारलंच नाही का म्हणून. मीही नाही. खांदे उचलून डोंगर सांभाळायची मला सवय झाली.

मग आलं ते मेट्रिक. किलो आणि लिटर. सरकारनं सांगितलं की उद्यापासून बाजारात पडी चालणार नाही. बघा हं, आयुष्यभर खोटं मोजलं नाही आणि मी बेकायदेशीर झाले! तेव्हापासून खळं सुटलं आणि मी स्वयंपाकघरात आले. घरचे तांदूळ, पाहुण्यांचे तांदूळ, पोंगलला नव्या तांदळाचं पहिलं माप. वाईट नव्हतं. चुलीशेजारी गप्पा भरपूर ऐकायला मिळतात.

या घरातली सुमेधा माझ्यासमोर वाढली. आहारशास्त्र शिकली, चेन्नईला नोकरीला लागली, आणि तिथं दोन वर्षांसाठी आलेल्या पुण्याच्या शैलेंद्रशी लग्न करून मोकळी झाली. पुढे शैलेंद्रला रॉटरडॅमला कॉम्प्युटरची नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी सुमेधाच्या वडिलांनी, पंचनदरावांनी, मला कापडात गुंडाळून तिच्या बॅगेत घातलं.

शैलेंद्र काटा घेऊन उभाच होता. ‘आप्पा, हे रिकामं भांडं एक किलोच्या वर भरतंय.’

‘रिकामं?’ आप्पा म्हणाले, आणि माझ्यात सांबार मसाल्याची पिशवी कोंबून मोकळे झाले. ‘आता भरलेलं आहे.’

विमानात कुणाची तरी बॅग माझ्यावर आपटली. तो हा पोचा. मसाला मात्र जागचा हलला नाही.

इथं आल्यावर काय झालं ते सांगायला मला थोडी लाज वाटते. आधी माझ्यात चमचे आले. मग सायकलच्या किल्ल्या, सायकलचे दिवे, सायकलचा पंप. हे लोक इतक्या सायकली चालवतात की एक वेळ घरात देव नसला तरी चालेल, पंप हवा. त्यानंतर गेमेंटेची पत्रं. गेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका, तिला पत्रं पाठवायची भारी हौस. सुमेधाची लेक ईशानी जन्मली तेव्हा तर माझ्यात दुधाच्या बाटल्यांचे ब्रश होते. तांदूळ मोजायला ओट्यावर प्लॅस्टिकचा माटबेकर आला. माटबेकर म्हणजे अंगभर रेघा ओढलेला पेला. एवढं पाणी, तेवढं पीठ, अमुक साखर. इतक्या रेघा आणि रुबाब असा की बास! मी त्याच्याशी बोलत नाही.

सुमेधाचंही माझ्यासारखंच झालं होतं म्हणा ना. आली ती नवऱ्याच्या परवान्यावर. प्रत्येक फॉर्मवर ती ‘शैलेंद्रची पत्नी’. डिग्री होती, पण डच भाषा नव्हती. भाषा शिकली तोवर ईशानी झाली. ईशानी शाळेत जायला लागली तोवर आठ वर्षं उलटली. घरच्या घरी दहा-बारा डबे करून द्यायची. लोक बोटं चाटत जेवायचे आणि म्हणायचे, ‘सुमेधा, तू ना, हॉटेल काढ!’ म्हणायला काय जातं?

शेवटी तिनंच मनावर घेतलं. माझ्यातली पत्रं उपसली, किल्ल्या खुंटीला लावल्या आणि मला चिंचेनं अशी घासली की मीच मला ओळखलं नाही. ‘चल,’ म्हणाली, ‘आपण दोघी कामाला लागू.’ मला तर रडूच आलं असतं.

रॉटरडॅमच्या मराठी मंडळाच्या सचिव अस्मिताताई. पंधरा वर्षांपासून इथं. डच लोकांकडून त्यांनी दोन गोष्टी पक्क्या उचलल्या, सायकल आणि नोंदणी. नाव नोंदवलं नाही तर लाडू नाही. सुमेधानं त्यांना घरी बोलावलं आणि वर्षभराच्या कार्यक्रमांचं जेवण आपल्याला द्या म्हणून सांगितलं.

अस्मिताताईंनी चहा घेतला. ‘राग मानू नकोस गं, पण लोकांना आपलं जेवण हवं असतं. इडली-सांबार काय, सगळीकडे मिळतं.’

‘अस्मिताताई, मी आपलंच जेवण करते,’ सुमेधा म्हणाली. ‘आमचं आपलं जरा दक्षिणेला उतरलंय, एवढंच. आणि सांबारचं म्हणाल तर ते आमच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यातच जन्मलं असं म्हणतात.’

‘खरं की काय?’

‘म्हणतात. मी काही तिथं नव्हते.’

अस्मिताताई हसल्या. ठरलं असं: संक्रांतीचं जेवण सुमेधानं करायचं, मोजून ऐंशी पानं. चांगलं झालं तर वर्षाचे पाचही कार्यक्रम तिचे. त्या भरवशावर ती स्वतःच्या नावानं धंदा नोंदवणार. नाही झालं तर मार्चपासून गोदामात खोकी भरायची नोकरी होतीच, तिथं तिनं जवळजवळ होकार दिला होता. खोकी भरण्यात कमीपणा नाही हो. पण ती रात्रभर कुशी बदलायची ते मला भिंतीपलीकडून कळायचं.

आता शैलेंद्र. माणूस लाख आहे. भांडी घासतो, म्हणून मी त्याला फार बोलत नाही. पण त्याला प्रत्येक गोष्टीची एक्सेल शीट लागते. सुमेधा घरात पाणी कसं मोजते? तांदळात बोट बुडवायचं, वर दीड पेर पाणी. मोठ्या पातेल्यात हे पेरांचं चालत नाही, म्हणून शैलेंद्रनं आठवडाभर आधी मला घेऊन प्रयोग केला. एक पडी तांदूळ, अडीच पड्या पाणी. भात झाला मोगऱ्यासारखा. त्यानं लगेच शीटमध्ये लिहिलं: सहा पड्या तांदूळ, पंधरा पड्या पाणी. खाली हिरवा रंगही दिला. हे सगळं करताना त्यानं मला सपाट भरली होती, हे लक्षात ठेवा. पुढे फार उपयोगी पडणार आहे.

संक्रांतीच्या रविवारी कापेलच्या एका सामाजिक सभागृहात आम्ही सकाळी आठलाच पोचलो. बाहेर गवतावर बर्फाचा पांढरा थर, आत मोठी शेगडी. सुमेधाची दोन्ही हातांनी धावपळ. एका बाजूला रसवांगी, म्हणजे वांग्याची चिंच-खोबरं घातलेली आमच्याकडची भाजी. दुसरीकडे सांबार, उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर, गुळाच्या पोळ्या. भाताचं पातेलं तिनं नवऱ्यावर सोपवलं.

शैलेंद्रनं बाह्या वर केल्या, मला हातात घेतली आणि तांदळात बुडवली. तेवढ्यात वांग्यातून मान वर न करताच सुमेधा म्हणाली, ‘अरे, पाहुण्यांचा भात आहे. शिगोशीग भर हं!’

‘हो हो,’ शैलेंद्र म्हणाला. आणि गुणी बाळासारखं त्यानं भरलं. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा. प्रत्येक वेळी माझ्या डोक्यावर तांदळाचा डोंगर. किती वर्षांनी! मी अशी फुलले होते म्हणून सांगू, माझं पुढे लक्षच नव्हतं.

मग त्यानं मला नळाखाली धरली. पंधरा पड्या पाणी. एक, दोन, तीन...

कप्पाळ माझं! मला तेव्हा उमगलं. अरे माणसा, तांदळाला शीग असते, पाण्याला कुठली शीग? तांदूळ डोंगर करून घातलास आणि पाणी सपाट! सहा पड्यांमागे पाऊण पडी तांदूळ जास्त गेला आणि त्याचं पाणी घातलंच नाहीस! मी ओरडत होते, जीव तोडून ओरडत होते, पण पितळेचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? एकदा नळाला ठण्णकन आपटून पाहिलं. तो म्हणाला, ‘सॉरी सॉरी,’ आणि मला पुसून बाजूला ठेवलं.

सव्वाबाराला सुमेधानं झाकण उघडलं. पाणी केव्हाच आटलं होतं. तिनं एक शीत दोन बोटांत दाबलं. दबेना.

नऊ वर्षांची ईशानी शेजारीच होती. तिनं एक घास तोंडात टाकला. आई मराठीत विचारते, ही इंग्रजीत उत्तर देते, असा त्यांचा कारभार. ‘ममा, इट्स क्रंची.’

सुमेधाचा चेहरा पांढरा पडला. ‘शैलेंद्र, पाणी किती घातलंस?’

‘पंधरा. शीटप्रमाणे.’

‘आणि तांदूळ?’

‘सहा. तू म्हणालीस तसे, शिगोशीग.’

ती माझ्याकडे बघायला लागली. मग पातेल्याकडे. मग नवऱ्याकडे. ‘अय्यो,’ एवढंच म्हणाली आणि खाली स्टुलावर बसली. ‘म्हणजे मीच सांगितलं. मीच.’ डोळे भरून आले तिचे. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते आणि साडेबाराला पानं मांडायची होती.

मला वाटलं, संपलं. मला पुन्हा किल्ल्या, हिला खोकी.

पण भाताच्या गावची पोर ती! मिनिटभर बसली असेल, मग पदर खोचावा तसा एप्रन खोचला. ‘शैलेंद्र, इथल्या सगळ्या किटल्या लाव. ईशानी, मला दोन स्वच्छ टॉवेल दे.’ उकळतं पाणी तिनं हातानं शिंपडत भातावर सोडलं, लाकडी दांड्यानं भोकं पाडली, ओला टॉवेल पसरला, झाकण ठेवलं आणि झाकणावर वजन म्हणून पाण्यानं भरलेली मी. पंचवीस मिनिटं! खालून वाफ, वर मी. पोळत होते, पण हलले असते तर शपथ.

पावणेएकला दार उघडून अस्मिताताई आत आल्या. सुमेधा त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. ‘अस्मिताताई, माझी चूक झाली. भाताला अजून दहा मिनिटं लागतील.’

पण अस्मिताताईंचं लक्ष नव्हतं. त्यांचाच चेहरा उतरला होता. ‘सुमेधा, भाताचं राहू दे. नोंदणी ऐंशी आहे आणि बाहेर एक्क्याण्णव माणसं आहेत! कुणाचे आईबाबा परवाच पुण्याहून आलेत, कुणाची बहीण लंडनहून आलीय. आता म्हाताऱ्या माणसांना काय सांगू, तुमचं नाव नाही, परत जा? मी इतक्यांदा मेसेज टाकला होता गं. आता अकरा जणांचं काय करायचं?’



शैलेंद्रनं फोन काढला. त्याचा अंगठा भराभर चालला. ‘सहा पड्या. प्रत्येकीवर शीग. पाऊण पडी जास्त. म्हणजे एक किलो.’ त्यानं वर पाहिलं. ‘सुमेधा, एक किलो म्हणजे दहा-अकरा माणसं.’

दहा मिनिटं झाली तशी सुमेधानं मला उचललं, टॉवेल काढला. वाफ अशी उसळली की अस्मिताताईंचा चष्मा धुकटला. शीत दाबलं. दबलं!

पानं मांडली. एक्क्याण्णव. पहिल्या वाढीला लोक जरा बिचकत होते, ‘हे वांगं कसलं?’ म्हणत होते. दुसऱ्या वाढीला कुणी काही विचारलं नाही, फक्त ताटं पुढे आली. पुण्याहून आलेले मोहनराव म्हणून एक आजोबा, न नोंदवलेल्यांपैकी, त्यांनी तीनदा भात घेतला आणि तिसऱ्यांदा ‘अगदी थोडा’ असं म्हणून डोंगर केला. सभागृहाच्या डच व्यवस्थापकबाई नुसत्या डोकावायला आल्या होत्या, त्याही बसल्या, ‘लेकर, लेकर’ म्हणजे ‘छान, छान’ करत जेवल्या. म्हणजे ब्याण्णव. सांबार शेवटी पातळ झालं, ते मी लपवत नाही. भात मात्र शेवटच्या पानापर्यंत गेला, आणि तळाशी जो राहिला तो सुमेधा, शैलेंद्र आणि ईशानीनं एकाच ताटात दह्याशी कालवून खाल्ला.

आवराआवर चालली होती तेव्हा अस्मिताताई पुन्हा आत आल्या. ‘खरं सांग, तुला कसं कळलं जास्त माणसं येणार?’

सुमेधाला ‘अनुभव आहे’ म्हणता आलं असतं. मी असते तर म्हणाले असते. ती म्हणाली, ‘मला नाही कळलं. आमच्याकडे पाहुण्यांचे तांदूळ सपाट मोजत नाहीत. का ते मलाही आजच कळलं.’

अस्मिताताईंनी मला हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं, खाली ठेवलं आणि गेल्या. हो नाही की नाही नाही.

घरी आल्यावर सुमेधानं आप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं, कच्चा भात, टॉवेल, अकरा माणसं. पलीकडे आप्पा बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, ‘सगळे जेवले ना? मग रडतेस कशाला?’

‘रडत नाही, आप्पा.’

‘मला ऐकू येतंय की.’

तीन दिवस काहीच कळलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. गोदामातून विचारणा आली, ‘मार्चचं नक्की ना?’ सुमेधानं उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. बुधवारी दुपारी ती ओट्याशी उभी होती, मला पुसत, आणि फोन वाजला. अस्मिताताईंचा मेसेज. तिनं वाचला, आणि मग मोठ्यानं वाचला, शैलेंद्र आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होता तरी त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं:

‘पाचही कार्यक्रम तुझे. पहिला गुढीपाडवा. नोंदणी एकशे वीसवर बंद करतेय. वर शीग किती धरू?’

बघा! पंधरा वर्षं नोंदणीशिवाय लाडू न देणारी बाई विचारतेय, शीग किती धरू. सुमेधा तिथंच ओट्याला टेकून हसत सुटली आणि हसता हसता तिनं गोदामाला लिहिलेलं उत्तर पुसून टाकलं.

आता ओट्यावर माझी जागा पक्की आहे. माझ्यात किल्ली नाही, पत्र नाही, पंप नाही. तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं माप चमचे सांभाळत बसलं असेल, तर बाई गं, बाबा रे, काढा ते चमचे. कुणाला जेवायला बोलावलंत तर त्यात भरा तांदूळ, आणि हात जरा सैल सोडा. नाव न नोंदवता येणारं कुणी ना कुणी असतंच.

बरं, येते मी. सुमेधानं तांदळाची पिशवी उघडली, आता मला भरणार. तोंडात घास असताना बोलणं बरं दिसत नाही.